मामा येईपर्यंत

माझी सगळी नोकरी तालुक्याच्या कचेरीत गेली. वारसाच्या नोंदी, फेरफार, दाखले, प्रतिज्ञापत्रं. पंचवीस-तीस वर्षं मी समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलो, की बाबा रे, तोंडी काही सांगू नकोस, कागद आण. कागद असला की मला माणसाचं तोंड बघायचीसुद्धा गरज वाटायची नाही. बायको म्हणते, हे गृहस्थ घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही आवक क्रमांक टाकतील. म्हणून आईच्या डोळ्यांचं जे झालं त्याबद्दल नशिबाला बोल लावायची सोय मला नाही. ते माझ्या या स्वभावामुळं झालं.

आई अंबडजवळच्या आमच्या गावी, मोठ्या भावाकडं राहायची. त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो. शेती त्याच्याकडं, नोकरी माझ्याकडं, आणि आईचं दवाखान्याचं काम माझ्याकडं, अशी न बोलता झालेली वाटणी होती. त्यामुळं तिला मोतीबिंदू झाला तेव्हा जालन्याला मीच घेऊन गेलो. ऑपरेशन सुखरूप झालं आणि आठ दिवसांनी आम्ही तपासणीला गेलो.

तपासणीच्या रांगेत आईच्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. घनसावंगीकडची. मांडीवर वर्षाचं पोर. आई कुणाच्या शेजारी बसली आणि त्याची सात पिढ्यांची माहिती काढली नाही, असं होत नसे. पाच मिनिटांत तिनं काढलं, की ऊस तोडताना पात डोळ्यात गेली, गावात कुणाच्या सांगण्यावरून त्यात दूध टाकलं, डोळा पिकला आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. पोराचं तोंड तिला धुरकट दिसायचं. ती बोटांनी त्याचं नाक, ओठ चाचपत होती.

"मंग बसवत न्हाईत का दुसरा?" आईनं विचारलं.

"नंबर लावलाय, मावशी. पण कुणी मेल्यावर त्याच्या घरच्यायनं दिला तर मिळतो म्हणत्यात. अन् देतंय कोण?"

आई गप्प झाली. माझी आई गप्प बसणं ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. आत डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली, छान आहे म्हणाले, आणि ती उठायचं नाव घेईना.

"डॉक्टर, भिंग घातलेला डोळा चालतो का दुसऱ्याला?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "चालतो की, आजी. भिंग आत असतं. आम्हाला वरची पारदर्शक काच लागते. ती तुमची चांगली आहे. वयाचीही अडचण नाही."

"मंग माझे लिहून घ्या. मेल्यावर त्या पोरीला द्या."

कुणाला द्यायचा ते आपल्या हातात नसतं, ज्याचा नंबर असेल त्याला जातो, असं डॉक्टरांनी समजावलं. "कुणालाबी द्या," आई म्हणाली. "राख होण्यापरीस बरं."

फॉर्म मीच भरला. माझं अक्षर चांगलं आहे. नातेवाईक म्हणून मी सही केली, दुसरा साक्षीदार म्हणून माझ्यासोबत आलेल्या कचेरीतल्या मित्रानं केली. आईनं अंगठा न देता सही केली, कारण प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती आणि तिला ती वापरायला फार मिळत नसे. कार्ड मिळालं. मी त्याला प्लॅस्टिक चढवून घेतलं आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांच्या फायलीत लावलं. माझ्या मते काम झालं होतं.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "आता सगळ्यायला सांगून ठेव. तुझ्या भावाला, मामाला. ऐन टायमाला घोटाळा नको."

"अगं सह्या झाल्यात, साक्षीदार आहेत. पक्कं काम आहे."

"कागद उठून बोलणार हाय का?"

मी हसलो होतो. मला वाटलं, अडाणी बाईला कागदाची किंमत काय कळणार.

त्यानंतर गावी गेलो की ती एकदा तरी विचारायची, "सांगितलंस का?" मी म्हणायचो, "सांगतो." आणि सांगायला तोंड उघडत नसे. आता कारणं शोधायला बसलो तर एकही धड सापडत नाही. आई समोर भाकरी थापते आहे, दादा पाटावर बसलेला, आणि मी म्हणायचं काय, की आई मेल्यावर तिचे डोळे काढायचेत? आमच्या घरात मेल्याचा विषय काढला की "अभद्र बोलू नको" म्हणून लगेच दुसरा विषय निघतो. शिवाय दादाची भीती होती, हे कबूल केलं पाहिजे. दवाखान्याला न्यायला सांगितलं तर हे काय लिहून आणलंस, असं तो म्हणाला असता. एकदा मी धीर करून सुरुवात केली होती. "आईनं एक फॉर्म भरलाय," म्हणालो. दादा म्हणाला, "पेन्शनचा का?" मी म्हणालो, "हं, तसाच." आई चुलीपाशी होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत भाकरी उलटली. त्या दिवसानंतर तिनं मला विचारणं सोडून दिलं.

चार वर्षं गेली. मार्गशीर्षात, कापसाची शेवटची वेचणी चालू असताना, एका सकाळी सहाच्या सुमाराला आई चुलीसमोर बसल्या बसल्या गेली. पाणी तापत ठेवलं होतं. वहिनीला वाटलं, पेंगली. दादाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच अर्ध्या दाढीनं, बायकोला घेऊन मोटरसायकलवर निघालो. निघताना कपाटातून फाईल घेतली. ते मात्र मी विसरलो नाही.

सात वाजता पोहोचलो. आईला ओसरीत ठेवलं होतं. मी तिच्या पायाशी डोकं ठेवून रडलो, मग गोठ्याच्या मागं जाऊन कार्डावरच्या नंबरला फोन लावला. तिकडं एक मुलगी बोलत होती. फार नीट बोलली. आधी म्हणाली, "वाईट वाटलं ऐकून." मग सांगितलं, की पंखा चालू असेल तर बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. सहा तासांच्या आत झालं पाहिजे. आम्ही निघतो, तासाभरात पोहोचतो. "घरच्यांची संमती आहे ना?"

"फॉर्म भरलेला आहे," मी म्हणालो. "दोन साक्षीदारांसह."

"फॉर्म म्हणजे त्यांची इच्छा झाली, काका. सही आत्ता घरच्यांनी करायची असते. घरात कुणाचा विरोध असला तर आम्ही पुढं जात नाही."

मी ओसरीत आलो. एव्हाना भावकी जमली होती. मी दादाला बाजूला घ्यायला पाहिजे होतं, पण सगळे त्याला धरून बसले होते, आणि मी तिथंच, सगळ्यांच्या देखत फाईल उघडली. आईच्या उशाशी बसून मी कचेरीतल्यासारखं बोललो. आईनं नेत्रदानाचा फॉर्म भरला आहे, माणसं निघाली आहेत, वेळ कमी आहे.

दादानं मान वर केली. "काय म्हणून राह्यला तू?"

मी परत सांगितलं.

"मला न्हाई माहीत असलं काही. मला आई कधी बोलली न्हाई."

आमचे एक म्हातारे चुलते आहेत, गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. ते म्हणाले, "पोरा, तू शिकलेला हाईस. पण बाईमाणूस हाय. माहेरचं कुणी आल्याबिगर तिला हात लावता येत न्हाई. मामा येऊ दे, तो म्हणंल तसं करू."

आमच्याकडं बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ती नव्वद वर्षांची असो, नातवंडं-पतवंडं असोत, भाऊ किंवा भाचा येतो, तिचं तोंड पाहतो, तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतो, मगच पुढचं सगळं. जुनी माणसं सांगतात, की सासरी बाईला धड वागवलं का, मारूनबिरून तर टाकलं नाही ना, हे माहेरच्यानं डोळ्यांनी बघावं म्हणून ही रीत पडली. रीत चांगली आहे. तिच्यावर माझा राग नाही.

आईला एकच भाऊ. मामाचं गाव अर्ध्या तासावर. पण मामा त्या आठवड्यात लेकीकडं नाशिकला गेलेले होते. दादानं सकाळीच फोन केला होता आणि मामा मिळेल त्या गाडीनं निघाले होते. नाशिकहून आमच्या गावी यायचं म्हणजे दुपारचे तीन ठरलेले. माझा हिशोब बाराला संपत होता.

दवाखान्याची गाडी साडेआठला आली. फोनवर बोलणारी मुलगी आणि एक तिच्याहून थोडा मोठा माणूस, हातात छोटी पेटी. त्यांना घरात यायला सांगणार कोण? मी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. बायकोनं चहा नेऊन दिला. ती मुलगी दादाशी बोलायला आली, अगदी हळू आवाजात. चेहऱ्याला काही होत नाही, बघणाऱ्याला कळतही नाही, वीस मिनिटं लागतात, म्हणाली. दादा मान खाली घालून म्हणाला, "मामा येऊ द्या." कुणी बायकांतून म्हणालं, म्हातारी पुढच्या जन्मी आंधळी जन्मायची. आई असती तर म्हणाली असती, पुढच्या जन्माचं पुढच्या जन्मी बघू. पण ती तिथं झोपलेली होती, पापण्यांवर ओला कापूस घेऊन. तेवढं मात्र मला करू दिलं होतं. दर अर्ध्या तासानं मी कापूस भिजवत होतो.

मामांना मी फोन केला नाही असं नाही. दोनदा केला. पहिल्यांदा ते रडत होते, आवाज तुटत होता, मागं गाडीचा हॉर्न. मी विचारलं, "मामा, कुठवर आलात?" येवल्याच्या पुढं आलो, म्हणाले. माझ्या जिभेवर होतं. ज्या माणसाची एकुलती एक बहीण दोन-तीन तासांपूर्वी गेली त्याला गाडीत, अनोळखी माणसांत बसलेलं असताना विचारायचं, की तुमच्या बहिणीचे डोळे देऊ का? मी म्हणालो, "सावकाश या." आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा अकराला केला. तेव्हाही तेच. "कुठवर आलात?" दादानं केला, चुलत्यांनी केला, दादाच्या पोरानं केला. सगळे तेच विचारत होते.

बारा वाजून गेले. त्या मुलीनं साडेबारापर्यंत वाट बघितली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, आता आम्ही निघतो. तुम्ही खूप प्रयत्न केला." मला वाटलं तिनं मला शिव्या द्याव्यात. ती दोघं पेटी घेऊन, जशी आणली तशीच, गाडीत बसली. मी परत ओसरीत आलो आणि उगाचच आणखी एकदा कापूस भिजवला.

मामा सव्वातीनला आले. हातात लुगड्याची पिशवी. रस्त्यात दुकान उघडं दिसलं तिथं गाडी थांबवून घेतलं होतं. बायकांनी हंबरडा फोडला. मामा आईजवळ बसले, पिशवी खाली ठेवली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. कापूस बाजूला केला. मग मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "डोळे घेतले का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"डोळे घेतले का, म्हणून विचारून राह्यलो."

"न्हाई, मामा."

"का बरं?"

तिथं पन्नास माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तुमची वाट पाहत होतो."

मामांचा आवाज चढला नाही. "भाऊबीजेला तिनं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "ओवाळून झाल्यावर. म्हणली, पोरगा कुणाला सांगंना, भेतो. शेवटी तुझ्याच शब्दावर येणार हाय, तर तू अडवू नको. मी म्हणलं, अक्का, लुगडं मी आणीन, पण डोळ्यासाठी माझी वाट नका पाहू म्हणावं." मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "रस्त्यात किती फोन आले मला. बराबर सगळ्यायचे आले. मला वाटलं, डोळ्याचं झालं असंल. एकानं विचारलं असतं तर मी गाडीतून हो म्हणलं असतं."

ते मला बोलले असते, रागावले असते, तर मला सोसलं असतं. त्यांनी लुगड्याची घडी मोडली आणि आईच्या अंगावर घातलं, आणि ते रडायला लागले. माती पाचला झाली.

ती घनसावंगीकडची बाई मला त्या दिवसांत फार आठवली. तिला तोवर डोळा मिळालाही असेल. मिळाला नसेल तर ती अजून बोटांनीच पोराचं तोंड बघत असेल, आणि पोर आता पाच वर्षांचं झालं असेल. मी चौकशी केली नाही. माझं धैर्य झालं नाही.

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठी गेलो. विधी झाला, माणसं पांगली. दादा मुंडण करून पायरीवर एकटाच बसला होता. आईला जाऊन दहा दिवस झाले होते आणि दहा दिवसांत आम्ही दोघं कामापुरतंच बोललो होतो. गावात कुजबुज होती, की थोरल्यानं अडवलं म्हणून म्हातारीची इच्छा राहिली. मी ती खोडून काढली नव्हती. खरं सांगायचं तर ती ऐकून मला थोडं बरंही वाटत होतं.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो नदीकडं बघत बोलायला लागला.

"तू शिकलेला, तुला कळतं. पण मला एक सांग. त्या दिवशी मी शेतातून पळत आल्तो. आई समोर पडलेली. अन् तू फाईल काढून डोळे मागून राह्यला. मी कसा हो म्हणणार व्हतो?" तो माझ्याकडं वळला. "आईनं तुला सांगितलं, मामाला सांगितलं. मला का न्हाई सांगितलं? मी तिच्याजवळ राहत व्हतो. मी न्हाई म्हणलो असतो का?"

"तिनं मला सांगायला सांगितलं होतं, दादा. तुला सांग म्हणून. मी नाही सांगितलं."

"किती दिवस झाले त्याला?"

"चार वर्षं."

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ, ज्याच्या धाकात मी वाढलो, तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "चार वर्षं," तो म्हणत होता. "मी दवाखान्याच्या लोकायच्या पाया पडून हो म्हणलो असतो." मला कचेरीत शिकलेलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, "माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला असं म्हणालो असेन.

मग मी म्हणालो, "दादा, माझे द्यायचेत. फॉर्मबिर्म भरेन नंतर. आधी तुला सांगून ठेवतो. रात्री बायकोला आणि पोरांना सांगतो."

दादानं नाक पुसलं. "डोळेच देता येतात का?"

मी त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. घरी माणूस गेला तर डोळे देता येतात. दवाखान्यात असताना मेंदू कायमचा गेला आणि मशीनवर हृदय चालू असलं, तर मूत्रपिंड, काळीज, बाकीचंही दुसऱ्याला देता येतं, पण तेव्हाही डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. आणि तेव्हा घरचे असे बसलेले असतात, त्यांना काही सुचत नसतं.

"म्हणजे तवा परत तुझ्यासारखं कुणी गप बसंल," दादा म्हणाला.

"बसेल."

तो उठला, धोतर झटकलं, परत खाली बसला. "मी मोठा हाय," तो म्हणाला. "रीतीनं मी तुझ्या आधी जाणार. माझं आधी ऐकून घे." आणि त्यानं मला एक एक सांगायला सुरुवात केली. डोळे. मूत्रपिंड. मंग ते काळीज. मध्येच त्यानं वहिनीला आणि पोरांना हाक मारली. ती येऊन पायरीवर उभी राहिली, तेव्हा त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. वहिनी रडत होती, "आज नका असलं बोलू," म्हणत होती. तो म्हणाला, "रड. पण ऐक."